ओट्याची उंची

जांभळी नाक्यावर लसणाच्या ढिगासमोर स्टूल टाकून बसले होते. सकाळचे साडेसात. लसूणवाल्या मावशींनी तीन-चार वेळा मान वाकडी करून माझ्या पॅडकडे पाहिलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "ताई, तलाव इथं पाच मिनिटांवर आहे. तो सोडून हे काय काढताय?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. ठाण्यात कुणी रंगवायला बसलं की ते तलावपाळीला बसतं. मासुंदाचं पाणी, होड्या, पलीकडे गडकरी रंगायतन, संध्याकाळचे दिवे. मी म्हटलं, "तलाव खूप वेळा काढून झालाय, मावशी." हे खोटं नव्हतं. पण खरं उत्तर लांबलचक होतं, आणि ते सकाळी साडेसातला, चहाही न घेता, लसणाच्या गिऱ्हाइकांची वाट अडवून देण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांची चित्रकलेशी सोयरीक सरकारने जुळवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा. स्थिरचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, आणि या सगळ्यांत मला भारी वाटायचं ते स्मरणचित्र. 'बसस्टॉपवरील दृश्य', 'भाजीमंडई', 'फुगेवाला' असे विषय यायचे. आमच्या सरांनी पाच जण घोटून घेतले होते: पाठमोरा छत्रीवाला, टोपली घेतलेली बाई, मुलाचा हात धरलेली बाई, सायकलवाला आणि एक कुत्रा. या पाच जणांच्या भरवशावर महाराष्ट्रातलं कुठलंही दृश्य उभं करता यायचं. माझी भाजीवाली आणि बसस्टॉपवरची बाई एकच होती, टोपलीच्या जागी पर्स आली की झालं. इंटरमिजिएटला मला ए ग्रेड मिळाली. त्या कागदावर स्मरण म्हणावं असं काहीही नव्हतं, पण हे तेव्हा ना मला कळलं, ना तपासणाऱ्यांना.

मग बँकेतली नोकरी, लग्न, मुलगा, लोकल. रंग परत हातात आले ते चाळिशीत, एका रविवारच्या ग्रुपमुळे. आम्ही दहा-बारा जण गाड्या करून निघायचो. महाराष्ट्रात जलरंग हातात धरलेल्या माणसाला मेणवली चुकत नाही, जशी नव्या जोडप्याला जेजुरी. वाईजवळचा तो घाट, कृष्णेचं पाणी, नाना फडणविसांचा वाडा, वसईहून आलेली ती भलीमोठी घंटा. मी तो घाट किमान नऊ वेळा काढला असेन. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून दगडाचा करडा करायचा, सावली एका दमात टाकायची, कोरड्या ब्रशने पायऱ्यांची झीज दाखवायची, आणि शेवटी पायऱ्यांवर लाल साडीतली, घागर घेतलेली एक बाई. दोन फटकाऱ्यांत उभी राहायची. चित्र लगेच उठून दिसायचं.

ती बाई तिथे नसायची. घाटावर असायचे ते आमच्यासारखेच रविवारचे लोक, एखादं प्री-वेडिंगवालं जोडपं आणि वेफर्सची पाकिटं. ती बाई इंटरमिजिएटपासून माझ्याबरोबर फिरत होती.

मी त्या चित्रांना नावं ठेवत नाही. वॉश, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाचा थर, कसा सोडायचा, कागद कधी ओला आणि कधी दमट, कुठे हात आवरायचा, हे मी तिथेच शिकले. चित्रं विकलीही जायची. दोन दंतवैद्यांच्या वेटिंग रूममध्ये माझी मेणवली आहे. फक्त माझ्या स्वतःच्या घरात माझं एकही चित्र लावलेलं नव्हतं, आणि हे कितीतरी वर्षं माझ्या लक्षातच आलं नाही.

बाबा २०१७च्या पावसाळ्यात गेले. तीनेक महिन्यांनी मी ठरवून दुःखाचं चित्र काढायला बसले. हसू नका, खरंच ठरवून बसले. खिडकीशी आरामखुर्ची, हातावर घडी घातलेला पेपर, त्यावर चष्मा, सगळीकडे पेन्स ग्रे या निळसर करड्या रंगाचा ओला वॉश आणि खिडकीतून पडणारा एक फिकट तिरपा उजेड. ग्रुपवर टाकलं. "खूप टचिंग." "शब्द नाहीत." हात जोडलेले, रडणारे, सगळे इमोजी येऊन गेले. आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, आणि मला वाटलं आता तिच्या डोळ्यांत पाणी येणार.

"कुणाकडची खुर्ची आहे ही?" तिने विचारलं.

आमच्याकडे आरामखुर्ची कधीच नव्हती. बाबा बसायचे लोखंडी कॉटच्या कडेवर, पाठ न टेकता, आत्ता कुणीतरी हाक मारेल आणि उठावं लागेल असे. मी माझ्या बापाच्या जागी सिनेमातल्या कुणाच्या तरी बापाची खुर्ची काढली होती. रिकामी खुर्ची म्हणजे दुःख, जशी टोपलीवाली बाई म्हणजे भाजीमंडई. घोटून घेतलेल्या पाच जणांत सहाव्याची भर, एवढंच. तो कागद मी उलटा करून त्याच्या मागे रंगांचे नमुने लावले. अजून आहे.

ठाण्यात जन्म काढून सुधीर पटवर्धनांची चित्रं समोरासमोर बघायला मला पन्नाशी गाठावी लागली, ही खरं तर लाजेची गोष्ट. रीगलजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, २०१९च्या अखेरीपासून त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं. मी जानेवारी २०२०मध्ये गेले. त्यानंतर दोन महिन्यांत जगाला कुलूप लागलं, त्यामुळे त्या दिवशीच्या लोकलच्या गर्दीसकट तो दिवस जसाच्या तसा लक्षात आहे.

पटवर्धनांचा जन्म १९४९चा, पुण्यातला. शिकले डॉक्टरकी, आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. दिवसा एक्स-रे आणि उरलेल्या वेळात कॅनव्हास. या तीस वर्षांत ठाण्यातल्या किती छात्या आणि किती मणके त्यांच्या नजरेखालून गेले असतील याचा मी जिने चढता चढता हिशोब करत होते. उगाच नाही त्यांच्या चित्रांतल्या माणसांना वजन असतं. ती माणसं उभी असली की पायांवर उभी असतात, खांदे दमलेले असतात, पोट सुटलेलं असतं. 'इराणी रेस्टॉरंट' १९७७चं, 'ट्रेन' १९८०चं. 'प्लेस फॉर पीपल' नावाचं जे प्रदर्शन १९८१ साली मुंबईत आणि दिल्लीत झालं, त्यात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्याबरोबर पटवर्धनही होते. चित्रात माणूस हवा, आणि माणूस आला की त्याची जागाही हवी, हे त्या मंडळींना त्या काळी मांडून दाखवावं लागलं, याचंच मला नवल वाटत राहिलं.

सगळंच आवडलं असं म्हणणार नाही. काही मोठ्या कॅनव्हासांत इतकं चाललेलं असतं की माझी नजर दादरला उतरल्यासारखी ढकलली जाऊन बाहेर येते. पण 'पोखरण' या १९९१च्या चित्रासमोर मी अडकले. ठाण्यातल्या पोखरण रोडला माझी मावशी राहायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो तेव्हा तिथे कंपन्यांचे भोंगे होते, येऊरचा डोंगर होता, आणि मधल्या जागेत एकेक करत इमारती उगवत होत्या. कुणी म्हटलं असतं की हे रंगवण्यासारखं ठिकाण आहे, तर मावशीच पहिली हसली असती.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम पोखरणला गेले, ते चित्रातलं कुठून दिसतं हे शोधायला. दोन तास भटकले, एका सोसायटीच्या वॉचमनला पटवून गच्चीवरही जाऊन आले. कुठूनच दिसत नाही. मधल्या तीस वर्षांत तिथे एवढं बांधकाम झालंय की डोंगर दिसायलाही नशीब लागतं, ते आहेच. पण तेवढंच कारण नव्हतं. पटवर्धन शहर एका जागी उभं राहून बघत नाहीत. रस्ता वरून दिसतो, घर समोरून दिसतं, वळणापलीकडचंही थोडं दिसतं. तिथे रोज जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या डोक्यात ती जागा जशी साठलेली असते, तशी. फोटोत ती मावत नाही. मावशीला डोळे मिटून पोखरण रोड सांगायला सांगितला असता, तर तिनेही असाच सांगितला असता: इथे चढ, मग पिठाची गिरणी, मागे डोंगर, आणि गिरणीसमोर उभं राहिलं की बस वळताना दिसते.

लाल साडीतल्या बाईला मी त्या रात्री घरी येऊन निवृत्त केलं. प्रॉव्हिडंट फंडासकट.

आमची नौपाड्यातली इमारत तीन मजली, जुनी, आणि पुनर्विकासाला गेलेली. २०२२मध्ये घरं रिकामी करायची वेळ आली. सामान बांधण्याच्या धांदलीत मी चार सकाळी जिन्याखाली बसून काढल्या, मीटरच्या फळीसमोर. शेजारच्यांना वाटलं, मीटरवरून डेव्हलपरशी काहीतरी भानगड झालीये आणि मी पुरावा गोळा करतेय.

त्या फळीवर सहा मीटर होते. खाली कट-आउट, काळ्या टेपने गुंडाळलेल्या वायरी, पालीची अंडी. आणि फळीच्या उजव्या अंगाला, भिंतीवर, बाबांनी पेन्सिलने लिहिलेले आकडे. बाबांना विजेच्या बिलाचा आयुष्यभर संशय होता. महिन्याच्या एक तारखेला, ऑफिसला निघताना, बूट घातलेल्या पायांनी ते जिन्याखाली वाकायचे आणि भिंतीवर तारीख आणि रीडिंग लिहायचे. बिल आलं की ताडून बघायचे. आमच्या आठवणीत एकदाही बिल चुकलेलं नव्हतं, आणि त्यामुळे त्यांचा संशय कणभरही कमी झाला नव्हता.

मधल्या काळात जिन्याला दोनदा ऑइलपेंट दिला गेला, पिस्ता रंगाचा. दोन्ही वेळेला बाबा रंगाऱ्याच्या मागे उभे राहिले आणि तेवढा भाग त्याला सोडायला लावला. म्हणून अख्खा जिना पिस्ता, आणि मीटरशेजारी हातभर उंचीचा एक चुन्याचा पांढरा चौकोन, त्यावर बारीक आकड्यांच्या ओळी.

जलरंगात पांढरा रंग नसतो. म्हणजे ट्यूब मिळते, पण जुने लोक ती वापरू देत नाहीत. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. आधीच ठरवावं लागतं, नंतर मागे फिरता येत नाही. प्र. अ. धोंडांचे जलरंगातले समुद्र पाहिलेत? चार-दोन वॉश आणि मध्ये सोडलेला कागद, आणि त्या न रंगवलेल्या जागेत पाणी चकाकत असतं. मला ते कधी जमलं नाही. माझा हात नेहमी थोडा पुढे जातो. पण त्या चौथ्या सकाळी पिस्ता रंग कालवून, ब्रश त्या चौकोनाच्या कडेकडेने, आत थेंबही जाऊ न देता फिरवत होते, आणि लक्षात आलं की त्या रंगाऱ्यानेही हेच केलं होतं. फक्त त्याच्या मागे बाबा उभे होते.

रंग वाळल्यावर आकडे पेन्सिलनेच लिहिले. एचबी. त्यांचा ९ मला काढता येईना. शेपूट आत वळवलेला, मोडी वळणाचा. मागच्या पानावर तीस-चाळीस ९ गिरवले. शेवटची नोंद जून २०१७ची होती. तिच्याखाली वीतभर चुना शिल्लक होता, तो मी तसाच ठेवला.

हे चित्र ग्रुपवर टाकलं तेव्हा कुणी टचिंग म्हटलं नाही. एकाने विचारलं, "हा अभ्यास आहे का कशाचा?" आईने मात्र चष्मा लावून आकडे वाचले, आणि सप्टेंबर २०१४चं रीडिंग एवढं जास्त का यावर आमची चांगली पंधरा मिनिटं चर्चा झाली. त्या महिन्यात माझ्या भावाचं बाळ घरी आलं होतं आणि गिझर सारखा चालू होता, असा निकाल लागला.

त्यानंतर मी लांब जाणं सोडलं. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाच्या आसपासचा मुलूख पुन्हापुन्हा रंगवला. त्यांच्या नखाची सर आपल्याला नाही, पण निदान चिकाटी तरी उचलावी. मी पिशवी घेऊन जिथे जिथे जाते तिथेच स्टूल टाकायला लागले. गिरणी, रिक्षा स्टँड, बँकेचं पासबुक छापायचं मशीन. जांभळी नाका त्यातलाच. लसूण रंगवणं हे मेणवलीहून कितीतरी अवघड आहे, हे मला मावशींना सांगायचं होतं. तो दिसतो पांढरा, पण नसतो. सावलीत जांभळट, उन्हाच्या बाजूला पिवळसर, आणि टरफल सुटलेलं असेल तिथे मागचं गोणपाट आरपार दिसतं. वर गिऱ्हाईक येतं आणि नेमका मी अर्धा रंगवलेला गड्डा उचलून तागडीत टाकतं. नऊ वाजेपर्यंत माझ्या कागदावरचा ढीग होता त्याहून मोठा झाला आणि मावशींचा निम्म्यावर आला. जाताना त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "माल चांगला दिसतोय." एवढी दाद मला कुठल्याच प्रदर्शनात मिळालेली नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्या ओट्याकडे येते.

इमारत पाडल्यावर आम्ही भाड्याच्या घरात आलो. आईला तिथे करमेना. एका दुपारी मी जुनं स्वयंपाकघर काढायला घेतलं. समोर बघायला आता काही नव्हतं, फोटो शोधले तर सगळ्या फोटोंत माणसं, आणि माणसांमागे स्वयंपाकघराचा जेमतेम एक कोपरा. म्हणजे आयुष्यातलं पहिलं खरंखुरं स्मरणचित्र, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

कडाप्प्याचा ओटा, डावीकडे मोरी, मोरीवर नळ, पितळी पिंप. भिंतीवर रॉकेलच्या स्टोव्हचा धुराचा पट्टा, गॅस येऊन पंचवीस वर्षं झाली तरी न गेलेला. फळीवर डब्यांची उतरंड. पेन्सिलने सगळं मांडलं आणि मागे होऊन पाहिलं, तर ओटा भलताच उंच आलेला. खिडकीच्या चौकटीला टेकायला आला होता. खोडला, अंदाजाने अडीच-पावणेतीन फुटांवर आणला. बरोबर झाला. आणि स्वयंपाकघर एकदम कुठल्याही स्वयंपाकघरासारखं दिसायला लागलं, टाइल्सच्या दुकानातल्या नमुन्यासारखं. पुन्हा खोडला, पुन्हा वर नेला. आता कडाप्प्याची कड नाकासमोर आली, तिच्यावर पीठ लागलेली बोटं टेकली, वर कुठेतरी आईची कोपरं हलायला लागली. मी तिथे पाच वर्षांची उभी होते. डब्यांचे बूड दिसत होते, झाकणं नाही.

मला वाटलं, सापडलं. जिथे माप चुकतं तिथेच आपण असतो. चांगलं वाक्य होतं. वहीत लिहूनही ठेवलं. उदाहरण म्हणून व्हॅन गॉगची खोली आठवली. आर्ल गावातल्या 'पिवळ्या घरा'तली त्याची निजायची खोली, ऑक्टोबर १८८८मध्ये रंगवलेली. पलंग, दोन खुर्च्या, खिडकी, आणि तिरकी होत गेलेली मागची भिंत. ती भिंत बघून लोकांनी त्याच्या मनाच्या अवस्थेबद्दल किती किती लिहिलं. त्याला स्वतःला त्या चित्रातून विसावा दाखवायचा होता, असं त्याने भावाला, थिओला, लिहिलं होतं. मग आणखी वाचत गेले आणि माझ्या वाक्यातली हवा गेली. ती खोली काटकोनी नव्हतीच. मागची भिंत खरोखरच तिरकी होती. म्हणजे ज्याला आपण मनाची कळ समजत होतो, ते बिचाऱ्याने नीट पाहून काढलेलं माप होतं. भिंतीही त्याने फिक्या जांभळ्या रंगवल्या होत्या. त्यातला लाल उडून गेला म्हणून आज त्या निळ्या दिसतात. ते घर १९४४च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. पण त्या खोलीची चित्रं तीन आहेत, कारण पहिलं चित्र ओलीने बिघडल्यावर त्याने १८८९च्या सप्टेंबरात ते पुन्हा रंगवलं, आणि मग तिसरं, जरा लहान, आई आणि बहिणीसाठी.

मी ओटा उंचच ठेवला. रंगवला, वाळवला आणि आईला दाखवला. आई तेव्हा एक्याऐंशीची. तिने चित्र हातभर लांब धरलं.

"नळ उजवीकडे होता."

"डावीकडे होता, आई."

"तू मोरीत बसून आंघोळ करायचीस भिंतीकडे तोंड करून. तुला डावीकडे वाटणारच. उभ्या माणसाला उजवीकडे. आणि अगं, ओटा एवढा उंच असता तर मी कुकर कसा उतरवला असता?"

मी तिला माझं वाक्य ऐकवलं, माप चुकतं तिथे आपण असतो वगैरे. तिने ऐकून घेतलं. "तू तिथे खेळत होतीस," ती म्हणाली. "मला काम करायचं होतं."

मग ती उठली आणि भाड्याच्या घराच्या मोकळ्या जागेत उभी राहून हवेत स्वयंपाकघर मांडायला लागली. ओटा इथपर्यंत, म्हणजे तिच्या कमरेच्या जरा वर. मिठाचा डबा इथे, न बघता हात गेला की लागायचा. तांदळाचा डबा खाली, कारण जड. पिंप नळापासून दोन वितींवर, त्याहून लांब असलं की पाणी सांडायचं. तिचे हात कुठेही अडखळत नव्हते. मी दुसरा कागद लावला आणि ती सांगेल तसं काढत गेले. जे मी दोन दिवस आठवून आठवून काढलं होतं ते तिला आठवावंच लागत नव्हतं, तिच्या कोपरांना ठाऊक होतं. ओटा खाली गेला. डब्यांची झाकणं दिसायला लागली.

"आणि खिडकीत?" मी विचारलं. माझ्या चित्रात खिडकी म्हणजे नुसता वरचा उजेड होता. पाच वर्षांच्या मुलीला खिडकीतून आभाळच दिसणार.

"खिडकीत घंटाळीकडून येणाऱ्या रस्त्याचा एवढासा तुकडा दिसायचा," तिने अंगठा आणि तर्जनी फाकवून दाखवली. "समोरच्यांची गॅलरी आणि बदामाच्या झाडाच्या मधून. त्या तुकड्यात तू शाळेतून येताना दिसायचीस. दिसलीस की मी तवा ठेवायची."

शाळेतून आल्यावर गरम पोळी मिळायची, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते. पोळ्या गरमच असतात, अशी माझी समजूत होती.

रस्त्याच्या त्या तुकड्याला मी कागद कोरा सोडला, दोन बोटं रुंद. बाजूने गॅलरी, बदामाची पानं, सगळं भरत आणलं. मग त्या पट्टीत मुलगी काढायची होती, नखाएवढी. पाठमोरा छत्रीवाला, टोपलीवाली, सायकलवाला, कुणीच उपयोगाचं नव्हतं. दप्तर घेतलेली, समोरून येणारी मुलगी मला कुणी घोटून दिलीच नव्हती. मागच्या पानावर सात-आठ मुली काढून पाहिल्या. शेवटी निळ्या फ्रॉकचा एक ठिपका, दोन काड्या पाय, खांद्याला खाकी दप्तर.

आईने चष्मा वर केला आणि कागद डोळ्यांपाशी नेला.

"दप्तर डाव्या खांद्यावर असायचं तुझं," ती म्हणाली. "त्या बाजूला झुकून चालायचीस."

रंग अजून पुरता वाळला नव्हता. मी ब्रश धुतला, पिळला, आणि उजव्या खांद्यावरचं दप्तर उचलायला घेतलं.